पहिल्या नगाचं जावळ

पोलाद तापलं की वाढतं. नेमकं किती वाढतं, हे सांगण्यासाठी मला नोकरीभर पगार मिळाला. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी स्टेनलेस स्टील तापवत असे आणि तापल्यावर ते कसं वागतं ते मोजत असे. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता वडगावात घरी असते आणि शेजारणींच्या कढयांवर फुकट सल्ले देते.

लॅब म्हटलं की लोकांना रक्त-लघवीच आठवते. आमच्या पाटीवरही 'टेस्टिंग' एवढाच शब्द लांबून दिसायचा. एकदा एक आजोबा उपाशीपोटी बाटली घेऊन आले. मी त्यांना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं.

"मग हितं काय तपासता?" त्यांनी विचारलं.

"स्टील."

"का? त्येला काय झालंय?"

इतका चांगला प्रश्न मला कुठल्याही मुलाखतीत कुणी विचारला नव्हता. मी त्यांना चहा द्यायला निघाले होते, पण ते उपाशीपोटी आले होते म्हणून राहिला.

स्टीलला काही झालेलं नसतं. पुढं काय होईल ते आम्ही बघतो. त्याला तीन प्रश्न विचारायचे. तापल्यावर किती लांब होतंस? उष्णता किती पोटात घेतंस? आणि घेतलेली पुढं किती वेगानं सोडतंस? अॅल्युमिनियमचा डाव आमटीत विसरला तर हात पोळतो, स्टीलचा डाव बराच वेळ निमूट राहतो, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण आणखी एक गंमत आहे. लोखंड फार तापलं की उष्णता वाहून न्यायला आळस करतं. स्टेनलेसचं उलट. जितकं तापेल तितकं ते मोकळं होतं. माझ्या सासूबाई अशाच होत्या. एरवी गप्प, पण भांडण पेटलं की मनातलं सगळं भराभर बाहेर.

उष्णतेचा वेग मोजायला नाण्याएवढी चकती लागते. ती काजळीसारखी काळी करायची, भट्टीत ठेवायची, खालून क्षणभर प्रकाशाचा झोत मारायचा आणि वरची बाजू किती वेळात तापते ते बघायचं. लांबी मोजायला बोटाएवढी कांडी लागते. ती आडव्या नळीच्या भट्टीत ठेवून तिच्या टोकाला पांढरी, कपबशीच्या जातीची दांडी टेकवायची. कांडी वाढली की दांडी मागं सरकते आणि संगणक त्याची रेघ काढत जातो. भट्टी मात्र हळूहळू चढवायची. घाई केली तर कांडीचं बाहेरचं अंग तापतं, आतलं गारच राहतं आणि रेघ खोटं बोलते. आमच्याकडं येणाऱ्यांतल्या निम्म्यांना हे पटायचं नाही. एक गृहस्थ मला म्हणाले होते, "बाई, गॅस मोठा करा की जरा!"

आता निपाणीची गोष्ट सांगते. नोकरीतली मला सगळ्यात लाडकी गोष्ट आहे ती.

निपाणीच्या बाहेर एक लहान फाउंड्री आहे, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. जागा पूर्वी तंबाखूची वखार होती. अजूनही भट्टी पेटली आणि भिंती तापल्या की दगडांतून तंबाखूचा वास सुटतो आणि नवा माणूस शिंकत सुटतो. मालकीण तानाक्का. नवरा गेल्यावर त्यांनीच कारखाना सांभाळला, आणि वय झाल्यावर मुलाच्या, राजूच्या, हाती दिला. दिला म्हणजे काय, खुर्ची दाराजवळ टाकून त्या दिवसभर तिथंच बसायच्या.

इतकी वर्षं त्यांच्याकडं पंपाची बॉडी, गटाराची झाकणं असलं बिडाचं काम चालायचं. राजूनं धाडस करून पहिल्यांदा उष्णता सोसणाऱ्या स्टेनलेसची ऑर्डर घेतली. पुण्याच्या एका भट्ट्या बनवणाऱ्या कंपनीला बर्नरची तोंडं हवी होती. आग ओकणारी, चौकोनी कडेची. ती विटांच्या बांधकामात बसतात आणि नऊशे अंशांपर्यंत तापतात. तापल्यावर प्रमाणाबाहेर वाढली तर विटा फोडतील. म्हणून कंपनीची अट होती की नमुन्याची मोजणी आमच्या लॅबमधून करून आणायची आणि ती पास झाली तरच सगळा लॉट घ्यायचा. नाहीतर सगळा लॉट परत वितळवायचा, आणि पुन्हा स्टेनलेसचं नाव काढायचं नाही.

राजू नमुना घेऊन आला तेव्हा पेढेही घेऊन आला. मी म्हटलं, "पेढे निकालानंतर." तो म्हणाला, "तवा दुसरं आणतो की."

कांडी भट्टीत गेली. रेघ छान चढत होती. सहाशे अंश ओलांडले, आणखी थोडं वर गेली आणि मग रेघ चक्क खाली वळली. तापत असताना कांडी आखडत होती. पुन्हा थोड्या वेळानं वाढायला लागली. माझा सहकारी बसवराज, गोकाकचा, मराठी माझ्याइतकीच बोलणारा पण घाबरला की कानडीत शिरणारा, म्हणाला, "एन री इदु?" हे काय आहे, हे मलाही कळायला हवंच होतं.

साधं लोखंड त्या तापमानाला आतली रचना बदलतं आणि आखडतं. पण ह्या जातीच्या स्टेनलेसला आखडायचं काही कारणच नसतं. मी उरलेल्या तुकड्याला खिशातलं चुंबक लावलं. ते चिकटलं. चांगलं घट्ट चिकटलं. चिकटायला नको होतं.

निकाल नापास. राजूला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आक्काला कसं सांगू, बाई?"

खरं तर माझं काम इथं संपलं होतं. आकडे द्यायचे आणि गप्प बसायचं, हाच आमचा धर्म. पण मला चैन पडेना. मी रविवारी चुंबक पर्समध्ये टाकलं आणि निपाणीची बस धरली.

कारखान्यात तयार तोंडं ओळीनं मांडली होती, घासूनपुसून चकचकीत. मी एकेकाला चुंबक लावत गेले. एकालाही चिकटेना. माझा जीव एकदम हलका झाला. लॉट चांगला होता. नमुनाच त्यातला नव्हता.

"राजू, कांडी कशातनं कापलीस?"

"येगळीच वतली, बाई. शेवटाला. रस जरा कमी पडला, मग लोखंडाचं तुकडं टाकलं त्यात. नमुनाच तर हाय म्हटलं, विकायचा थोडाच हाय!"

मी कपाळाला हात लावला. "अरे, ऑर्डरवर लिहिलंय, पहिल्या साच्यातल्या पहिल्या नगातून नमुना कापायचा. तसा का नाही कापलास?"

राजू खाली बघायला लागला. उत्तर दाराजवळच्या खुर्चीतून आलं.

"पयला नग लक्ष्मीचा असतोय."

तानाक्का उठल्या आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीत कोनाडा, कोनाड्यात देवीचा मुखवटा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फळीवर ह्या कारखान्यानं आजवर केलेल्या प्रत्येक वस्तूचा पहिला नग. पंपाची बॉडी, फाटकाची बिजागरी, गटाराचं झाकण. सगळ्यांना हळद-कुंकू. झाकणाला तर हारही होता. मी आयुष्यात पुष्कळ देवघरं पाहिली, पण पंपाच्या गोतावळ्यात एवढी प्रसन्न बसलेली देवी दुसरीकडं पाहिली नाही.

"मालकांनी घालून दिल्यालं हाय," तानाक्का म्हणाल्या. "लोकं पयलं लेकरू द्येवाला दाखिवत्यात, मी पयला नग दाखिवती. पन एकदा दाखिवल्याला नग कापायचा? न्हाय. लॉट गेला तरी चालंल."

"आक्का, लॉट गेला तर राजू मोडेल."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला.

पुण्याच्या कंपनीचे काळे साहेब म्हणजे तपासणीचे मुख्य. त्यांना मी तिथूनच फोन लावला. दुसरा कुठलाही नग कापून दिला तर चालेल का, असं विचारलं. त्यांचा आवाज इस्त्री केलेला असायचा. "बाई, एकदा चुकीचा नमुना मिळालाय. आता नियम म्हणजे नियम. पहिला नग, आणि तोही माझ्यासमोर कापलेला." त्यांचंही चुकत नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, फक्त जरा जास्त आवाज चढवून.

फोन ठेवून मी पुन्हा त्या कोनाड्याकडं पाहिलं. बर्नरचं तोंड हळद-कुंकू लावून बसलं होतं आणि बाहेरच्या नगांसारखं चकचकीत नव्हतं. वाळू तशीच अंगाला आणि डोक्यावर अंगठ्याएवढ्या जाडीचे दोन उंच खुंट. साच्यात धातू गार होताना आक्रसतो, तेव्हा त्याला वरून रस पुरवायला साच्यातच वाढीव जागा ठेवतात. तिला रायझर म्हणतात. नग तयार झाला की हे खुंट कापून टाकतात. बाकीच्यांचे कधीच कापून, वितळून गेले होते.

"आक्का, ह्याचे रायझर कसे राहिले?"

"द्येवाचा नग जसा जल्मला तसाच ठिवायचा. घासायचा न्हाय, कापायचा न्हाय."

"ह्याच्यावर जे उगवलंय, तेही त्याच रसाचं आहे. त्याच पहिल्या साच्यातलं. खालच्या बाजूचा तुकडा मिळाला तरी माझी कांडी आणि चकती होईल. नगाच्या अंगाला करवत लागणारही नाही."

 तानाक्कांनी पुढं होऊन त्या खुंटांवरून हात फिरवला, पुढून मागं, मागून पुढं. मी वाद घालायच्या तयारीत होते. तेवढ्यात त्यांनी राजूला हाक मारली.

"रं राजू, कितवा म्हैना लागला रं ह्येला?"

"कशाला, आक्का?"

"इचारलं तेवढं सांग की!"

"तिसरा लागलाय."

"इषम हाय," तानाक्का म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "मग काय अडलंय? जावळ काढू या की! जावळ काढलं म्हणून लेकराला कुणी कापलं म्हनतंय व्हय?"

राजू माझ्याकडं बघत राहिला आणि मी राजूकडं. मग मला जे हसू आलं ते आवरेना. कोनाड्यातल्या देवीला पाठ दाखवून हसायला नको म्हणून मी बाहेर गेले आणि उन्हानं तापलेल्या भिंतींच्या तंबाखूच्या वासानं शिंकायला लागले.

तिथं मला तानाक्कांचा पुढचा प्रश्न ऐकू आला. "पर मामा कोन?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. जावळ विषम महिन्यात काढतात. बाळ मामाच्या मांडीवर बसतं, पहिली कात्री मामा लावतो आणि अंगडं-टोपडं मामाकडून येतं. राजूनं आपल्या मामाचं नाव काढलं. तानाक्कांनी ते उडवून लावलं. "त्यो तुजा मामा. ह्येचा न्हवं." त्या दारात आल्या आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्ये पोरगं नापास झालं तवा त्येच्या बाजूनं उठून कोन आलं? ही आली. हीच मामा."

"आक्का, मी बाईमाणूस."

"मग? मांडी हाय न्हवं?"

भौतिकशास्त्राची पदवीधर मी तिथल्या तिथं मामा झाले. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता.

काळे साहेबांना रायझरचं पटवायला मात्र मेहनत पडली. वरच्या टोकाला पोकळी असते, तिथला तुकडा चालणार नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बुडाचा घेऊ. बुडाचा घेताना नगाला धक्का लागेल, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तीच तर आमची काळजी आहे. शेवटी त्यांनी विचारलं, "पण मुळात नग कापायला हरकत काय होती?" मी सगळं सांगितलं.  मग तोच इस्त्रीचा आवाज: "किती वाजता यायचं?"

टोपड्यासाठी मी खासबागेतल्या आमच्या शिंप्याकडं गेले. कापड माझ्या चुलतभावाच्या मागावरचं, हिरवं, जरीच्या काठाचं. शिंप्यानं विचारलं, "डोकं केवढं हाय बाळाचं?" मी सवयीनं मिलिमीटरमध्ये माप दिलं. लांबी, रुंदी, कोपऱ्यांची गोलाई. त्यानं वहीवर आकडे मांडून डोक्याची आकृती काढली. "बाई," त्यानं हळूच विचारलं, "पोराला दवाखान्यात दाखिवलंय न्हवं?"

जावळाच्या दिवशी कारखाना बंद होता, पण सगळे कामगार बायका-पोरांसकट आले होते. मागं भिंतीलगत चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं आणि तापल्या दगडांतून तंबाखूचा वास सुटला होता. काळे साहेब गाडीतून उतरले ते कडक इस्त्रीत, हातात तपासणीची पेटी. उतरल्या उतरल्या त्यांना चार सटासट शिंका आल्या. तानाक्कांनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "द्रिष्ट काढली साहेबांची. बसा."

मी पाटावर बसले. राजूनं नग उचलून माझ्या मांडीवर ठेवला. बाळ भरल्या घागरीएवढं जड होतं. अंगावर अजून वाळू होती आणि आता तेलही. माझ्या साडीला ते डाग कायमचे पडले. साडी आमच्याच गल्लीत विणलेली, पहिल्यांदाच नेसलेली. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. बायकांनी ओवाळलं. एक-दोघी चक्क पाळण्यातलं गाणं म्हणायला लागल्या. माझ्या हातात कात्रीच्या जागी हॅक्सॉ ब्लेड दिलं.

"साहेब, बघताय न्हवं?" तानाक्कांनी विचारलं. "तुमच्या म्होरंच व्हायला पायजे न्हवं?"

"बघतोय," काळे साहेब म्हणाले. ते फोटो काढत होते. आधी पुराव्यासाठी, मग मला वाटतं स्वतःसाठी.

मी रायझरच्या बुडाला ब्लेड लावलं आणि करकर करून एक रेघ पाडली. स्टेनलेस हातानं कापणं म्हणजे काय असतं ते कापणाऱ्यालाच कळतं. एवढ्यावर मामाचं काम संपलं. मग नग अलगद चाकाच्या कटरखाली नेला, कामगारानं डोळ्याला चष्मा लावला, आणि ठिणग्यांचा असा पिसारा उडाला की पोरांनी टाळ्या पिटल्या. काळे साहेब वाकून दोन्ही काप बघत होते. नगाला ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी आपल्या पेटीतला ठसा काढून तुकड्यांवर मारला आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, टोपडं उचलून बाळाच्या चौकोनी डोक्यावर बसवलं. माप बरोबर आलं होतं.

जेवताना त्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी कांडी आणि चकती घडवली. चकतीचं आधी उरकलं. उष्णता हवी त्या वेगानं चालत होती आणि तापेल तसा वेग वाढत होता. मग कांडी भट्टीत गेली. मी नोकरीत किती कांड्या तापवल्या असतील, पण कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. आकडे चढत होते आणि रेघ सरळ वर जात होती. आधीच्या कांडीनं जिथं घात केला होता ते तापमान जवळ आलं तेव्हा बसवराज माझ्या खुर्चीच्या मागं येऊन उभा राहिला. मला पडद्याकडं बघवेना. मी त्याच्याकडं बघत बसले.

"नेट्टग ऐती री, बाई," तो म्हणाला. "नेट्टग!"

सरळ होती. नऊशेपर्यंत सरळ. जितकं वाढायला हवं तितकंच वाढली, ना कमी ना जास्त. मी राजूला फोन लावला, पण उचलला तानाक्कांनी.

"पोराला ताप सोसतोय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"सोसतोय, आक्का. पास झालंय."

त्यांनी फोन तसाच हातात धरून कारखान्यात ओरडून सांगितलं आणि पलीकडं जो कल्ला झाला त्यात माझं पुढचं बोलणं बुडून गेलं. लॉट पुण्याला गेला. काळे साहेबांनी तो स्वीकारलाच, वर दुसरी ऑर्डर दिली, आणि नियमात एक ओळ वाढवून घेतली की ह्या कारखान्याचा नमुना पहिल्या नगाच्या रायझरमधून घेतलेला चालेल. कारण त्यांनी काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

मला वाटलं, झालं सगळं. पण आठवड्यानं तानाक्कांचा फोन.

"जावळ कुटं हाय?"

"कुठलं जावळ?"

"कुटलं म्हंजे? काढल्यालं! जावळ काय लोकाच्या कपाटात ठिवायचं असतंय व्हय? नदीला सोडायचं असतंय. घिऊन ये."

वापरलेल्या कांड्या आम्ही निकाल मान्य होईपर्यंत कपाटात ठेवतो आणि मग भंगारात टाकतो. निकाल मान्य झाला होता. तेव्हा मी ती कांडी आणि ती चकती एका फडक्यात बांधली. तापून कांडीवर मोराच्या मानेसारखे निळे-जांभळे पट्टे उमटले होते, चकती काळी. मी पुन्हा निपाणीला गेले. दोघींनी मिळून वेदगंगेवर जायचं, अशी मी समजूत करून घेतली होती.

तानाक्का मला नदीकडं नेईनात. त्या मला भट्टीकडं घेऊन गेल्या. दुसऱ्या ऑर्डरचा रस उकळत होता, त्याच जातीचं स्टेनलेस, पिवळाधमक. त्यांनी फडकं सोडलं, कांडी आणि चकती तळहातावर घेतली, कपाळाला लावली.

"आमची नदी हीच," त्या म्हणाल्या, आणि ते जावळ रसात सोडलं.

क्षणभर काळा ठिपका दिसला आणि मग तोही नाही. नव्या नगांत तो गेला. माझ्या मोजलेल्या कांड्या नोकरीभर भंगारात गेल्या. ही एकच घरी परत गेली. माझे डोळे भरून आले आणि नीट दिसावं म्हणून मी नकळत एक पाऊल पुढं टाकलं. तानाक्कांनी माझं मनगट धरून मला मागं ओढलं.

"मामा, मागं सर," त्या म्हणाल्या. "पदर पेटंल."